बोललेली धमकी आणि असलेला धोका
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. ज्ञातीच्या मेळाव्यात शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची इमारत, वधूवरांची यादी अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्यामुळे आमचा विषय ऐकून चिटणीस महाशय क्षणभर स्तब्धच झाले. शाळेत कोणी धमकी दिली तर ती पोकळ की खरी हे ओळखावे कसे, आणि ते ओळखण्याचे शिक्षण शिक्षकांस व पोलिसांस कसे दिले जाते, हा तो विषय होय. "हा तर अमेरिकेतला प्रश्न, आपल्या ज्ञातीस त्याचे काय?" असे त्यांनी विचारले. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी हात वर करावेत असे आम्ही या क्षणी म्हटले, तर किती हात वर होतील हे आपणच शेजारीपाजारी पाहावे, एवढेच त्यावर आमचे उत्तर आहे.

आमची नात तेथील व्हर्जिनिया राज्यात सातव्या इयत्तेत शिकते. एकदा दूरध्वनीवर बोलताना तिने सहज सांगितले की, आज वर्गातले दिवे मालवून, दाराला आतून कुलूप लावून, सगळी मुले भिंतीशी चिडीचूप बसली होती. बंदूक घेऊन कोणी आला तर काय करावयाचे त्याची ती तालीम होती. आम्ही ३६ वर्षे वर्गावर काढली. आगीची तालीम घेतली, पुराच्या दिवसांत मुलांस उंचावरच्या देवळात नेऊन बसविले. परंतु ही तालीम ऐकून आमच्या घशात घास अडकला. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते आम्ही वाचू लागलो. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा कोश शेजारी ठेवून आणि अडेल तेथे मुलीस विचारून वाचावे लागले. त्यातून जे समजले ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

या कथेचा आरंभ बहुधा २० एप्रिल १९९९ पासून करतात. त्या दिवशी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कुलात तेथल्याच दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी व एक शिक्षक यांचा बळी घेतला आणि अखेर स्वतःसही संपविले. शाळांत गोळीबार त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. पण हा प्रसंग घडत असतानाच सबंध देशाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. त्या काळी पोलिसांस शिकवण अशी होती की इमारतीस वेढा घालावा आणि खास पथक येईपर्यंत थांबावे. कोणी ओलीस धरले असतील तर ही शिकवण ठीकच. पण आत एकामागून एक मुले पडत असताना बाहेर थांबणे म्हणजे काय, हे त्या दिवशी दिसले. जखमी झालेले ते शिक्षक तासन् तास मदतीवाचून पडून राहिले आणि दगावले. पुढे शिकवण पालटली. जो शिपाई पहिला पोचेल त्याने थांबू नये, आत शिरावे, असे नवे सूत्र ठरले.

हे झाले प्रसंग ओढवल्यावर काय करावयाचे त्याचे शिक्षण. आमचा भर त्याच्या आधीच्या शिक्षणावर आहे. असले हल्ले बहुधा काही मिनिटांत आटोपतात, आणि पोलीस कितीही वेगाने आले तरी पुष्कळ वेळा ते यावयाच्या आधीच अनर्थ होऊन चुकलेला असतो. मग त्याच्या आधी काय करता येईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम एका अनपेक्षित खात्याकडे गेले. ते खाते म्हणजे सीक्रेट सर्व्हिस. हे खाते १८६५ साली निघाले ते खोट्या नोटा छापणाऱ्यांस पकडण्यासाठी. १९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाल्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे आले. राष्ट्राध्यक्षांस धमकीची पत्रे रोजच येतात; त्यांतले कोणते पत्र खरे, याची पारख करणे हा या मंडळींचा नित्याचा उद्योग. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी मोठ्या व्यक्तींवर हल्ला केलेल्या वा करू पाहिलेल्या ८३ जणांची प्रकरणे मुळापासून तपासली. त्यांतून निघालेली गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली. ज्यांनी प्रत्यक्ष हल्ला केला त्यांतील बहुतेकांनी त्या व्यक्तीस आधी धमकी दिलीच नव्हती. आणि ज्यांनी धमक्या दिल्या होत्या त्यांतील बहुतेक हल्ल्याच्या वाटेस गेले नव्हते. म्हणजे धमकी देणे ही एक गोष्ट आणि धोका असणे ही दुसरी.

कोलंबाइननंतर हीच कसोटी शाळांस लावण्याचे ठरले. सीक्रेट सर्व्हिस आणि तेथले शिक्षणखाते यांनी मिळून १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना व त्यांतील ४१ हल्लेखोर यांचा अभ्यास केला, आणि २००२ साली अहवाल प्रसिद्ध केला. हल्लेखोर मुलगा कसा असतो याचे चित्र रेखाटता येईल असे लोकांस वाटत होते. ते चित्र निघालेच नाही. कोणी अभ्यासात मागे, तर कित्येक चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होणारे. कोणी एकलकोंडे, कोणी मित्रपरिवारात रमणारे. बहुतेकांवर शाळेत कधी मोठीशी शिस्तभंगाची कारवाईही झालेली नव्हती. अमुक तऱ्हेचे कपडे घालणारा, तमुक संगीत ऐकणारा तोच धोक्याचा, अशी खूणगाठ बांधून बसणाऱ्या शिक्षकांस हा अहवाल वाचून आपली खूणगाठ सोडावी लागली असेल.

चित्र निघाले नाही, पण वाट निघाली. यांतला जवळजवळ कोणीही एका क्षणात उठून हल्ला करीत नाही. आधी मनात गाऱ्हाणे साचते, मग विचार, मग बेत, मग शस्त्राची जुळवाजुळव. आणि या वाटेवर ठिकठिकाणी पाऊलखुणा राहतात. १०० पैकी ९३ जणांच्या वागण्यात हल्ल्यापूर्वी कोणास तरी काळजी वाटावी असे काही दिसले होते. १०० पैकी ८१ प्रसंगांत काय घडणार हे निदान एकास तरी ठाऊक होते. हा 'एक' कोण? मित्र, वर्गबंधू, धाकटा-थोरला भाऊ. मोठ्या माणसास ठाऊक असल्याचे उदाहरण विरळाच. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांस इतरांनी छळले वा हिणविले होते; आणि दोन तृतीयांशांनी बंदूक आणली ती स्वतःच्या घरातून किंवा नातलगाच्या घरातून. या आकड्यांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शिक्षक म्हणून आम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. पण मुलांस जे ठाऊक असते ते गुरुजींपर्यंत पोचत का नाही, याची तपासणी कोणत्याच शाळेच्या तपासनिसाने कधी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता शिक्षण कसे देतात ते सांगतो, कारण विषयाचा गाभा तोच. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी या शतकाच्या आरंभी शाळांसाठी एक पद्धत तयार केली आणि ३५ शाळांत ती वर्षभर लावून पाहिली. पुढे तीच पद्धत अनेक राज्यांत गेली. व्हर्जिनियाने तर २०१३ साली प्रत्येक शाळेसाठी अशी पारख करणारी समिती कायद्यानेच बंधनकारक केली. समितीत मुख्याध्यापक वा उपमुख्याध्यापक, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि शाळेशी जोडलेला पोलीस अधिकारी असतात. ही मंडळी एकत्र बसून शिकतात, हे यातले मुख्य. शिक्षक निराळ्या वर्गात आणि पोलीस निराळ्या कवायतीच्या मैदानावर, असे नाही. मूळचे शिक्षण साधारणपणे एका दिवसाचे. त्या दिवसात त्यांच्यापुढे प्रकरणे ठेवतात: अमक्या इयत्तेतला मुलगा असे असे बोलला, अमकीने असे चित्र काढले, आता तुम्ही प्रथम काय कराल? मग वाद होतो. पोलिसास वाटते गुन्हा नोंदवावा, समुपदेशकास वाटते मुलाशी बोलावे, मुख्याध्यापकास वाटते पालकांचा फोन येण्याआधी काहीतरी केल्यासारखे दिसावे. हा वाद शिक्षणवर्गात होऊन गेला म्हणजे खऱ्या प्रसंगी तो मुलाच्या डोक्यावर होत नाही.

पहिली पायरी अगदी साधी आहे. मुलगा नेमके काय बोलला ते शब्दशः लिहून घ्यावयाचे. त्यास विचारावयाचे की तू काय म्हणालास, म्हणताना तुझ्या मनात काय होते, ज्यास म्हणालास त्यास काय वाटले असेल, तू असे का म्हणालास, आणि आता तू काय करणार आहेस. हेच ज्यास धमकी दिली त्यास व साक्षीदारांस विचारावयाचे. इतक्याने पुष्कळदा निवाडा होतो. रागाच्या भरात, थट्टेत, खेळात तोंडून गेलेले असेल, मुलगा ते मागे घेण्यास व क्षमा मागण्यास तयार असेल, तर ती धमकी क्षणिक समजून तेथेच मिटवितात. पण राग टिकून असेल, बेत असेल, कोणास बरोबर घेतले असेल, शस्त्र मिळविण्याचा प्रयत्न दिसत असेल, तर ती ठोस. मग ज्यास धोका आहे त्यास व त्याच्या पालकांस सावध करावयाचे, धमकी देणाऱ्याच्या घरी कळवावयाचे, आणि गोष्ट जीव घेण्याची असेल तर पोलीस तपास व मानसतज्ज्ञाची तपासणी दोन्ही लगेच. त्यानंतर लेखी योजना होते: मुलावर कोण लक्ष ठेवील, कोण त्याच्याशी रोज बोलेल, गाऱ्हाण्याचे मूळ कसे दूर होईल. पहिल्या चाचणीत १८८ प्रकरणे आली. त्यांतील सुमारे ७० टक्के क्षणिक ठरली.

हे वाचताना आम्हांस आपल्या बोलीची आठवण झाली. आपल्या मराठीत शिव्याशापांचे भांडार केवढे आहे! "बघून घेईन", "तंगडी मोडीन", "मुडदा पाडीन" ही वाक्ये मधल्या सुट्टीत गोट्यांच्या डावावर रोज ऐकू येतात आणि सुट्टी संपायच्या आत विरूनही जातात. आजी नातवास "मेल्या, जेव आधी" म्हणते त्यात तर मायेशिवाय दुसरे काही नसते. तीच आजी सहा महिन्यांच्या मुक्कामास अमेरिकेत गेली, घरातले बोलणे नातवाने ऐकले, आणि शाळेत चेंडू हिसकावून घेणाऱ्या मित्रास त्याने त्याचे शब्दशः इंग्रजी करून ऐकविले, तर काय होईल? शिकलेली समिती त्यास विचारील, "तुझ्या मनात काय होते?" न शिकलेली शाळा त्यास घरी पाठवील, आणि न शिकलेला पोलीस कदाचित ठाण्यावर नेईल.

ही आमची कल्पनाभरारी नव्हे. १९९४ साली तेथे कायदा झाला की शाळेत बंदूक आणणाऱ्यास वर्षभरासाठी काढून टाकावे. कायदा बंदुकीपुरता होता. पण भीतीपोटी शाळांनी तो पेन्सिलीपर्यंत नेला. अजिबात खपवून घ्यावयाचे नाही, हे धोरण झाले. २०१३ साली मेरीलँड राज्यात सात वर्षांच्या मुलाने खाऊचा तुकडा कुरतडून त्यास बंदुकीसारखा आकार दिला म्हणून त्यास दोन दिवस शाळेतून काढले. २०१५ साली टेक्सासमधील अर्विंग गावी १४ वर्षांच्या एका स्थलांतरित कुटुंबातील मुलाने घरी जुळविलेले घड्याळ मोठ्या हौसेने शिक्षकांस दाखवावयास नेले. तो बॉम्बचा देखावा आहे असे म्हणून शाळेने पोलीस बोलाविले व पोलिसांनी मुलास बेड्या घातल्या. पुढे त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. तेथे मुलाशी आधी पाच प्रश्नांचे बोलणे झाले असते तर? पारख शिकविण्याचा उपयोग खऱ्या धोक्यास पकडण्याइतकाच निरपराध मुलास वाचविण्यासाठी आहे, आणि शिक्षण घेतल्यानंतर शिक्षकांची भीती व कठोर शिक्षेचा आग्रह दोन्ही उतरतात असे कॉर्नेल यांच्या पाहणीत दिसून आले. तरीही काळ्या वर्णाच्या व अपंग मुलांवर अशा समित्यांचा रोख अधिक वळेल, आणि शाळेत पोलीस नेमले म्हणजे पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटणारी भांडणे कोर्टात जातील, अशी धास्ती तेथील अनेक विचारी माणसांस वाटते. ती पोकळ नाही. म्हणूनच पोलिसास निराळे शिकवावे लागते. शाळेतील पोलिसांसाठी तेथे ४० तासांचा पायाभूत अभ्यासक्रम आहे. त्यात मुलांची वाढ, त्यांचा स्वभाव, वर्गातील गोंधळ व गुन्हा यांतील अंतर हे विषय येतात. रस्त्यावरचा पोलीस एकदम शाळेत आणून उभा करणे कोणाच्याच हिताचे नाही.

आता दुसरी बाजू. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड या गावच्या हायस्कुलात जे झाले ते आम्ही सविस्तर सांगतो. आदल्या दिवशी एक मुलगा वर्गात फोनवर बंदुकीच्या काडतुसांचा शोध घेताना शिक्षिकेस दिसला. शाळेने आईस कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने बंदूक, रक्तबंबाळ मनुष्य आणि मदतीची याचना करणारे शब्द काढलेले सापडले. शिक्षिकेने कर्तव्य केले. कागद वर गेला. समुपदेशकाने मुलास बोलावले, आईवडिलांसही बोलावून घेतले. आपण सांगा, मंडळी, यापुढे काय राहिले होते? एक साधा प्रश्न: घरी बंदूक आहे काय? चारच दिवसांपूर्वी बापाने बंदूक विकत घेतलेली होती. आईबापांनी सांगितले नाही. मुलाचे दप्तर कोणी उघडून पाहिले नाही, मुख्याध्यापक त्या बैठकीत नव्हते. दोन दिवसांत मुलास तज्ज्ञास दाखवा असे सांगण्यात आले. आज घरी नेता काय असे विचारले तेव्हा आईबापांनी नेले नाही, आणि मुलगा पुन्हा वर्गात गेला. बंदूक दप्तरातच होती. त्या दुपारी चार विद्यार्थी मेले. पुढे स्वतंत्र चौकशी झाली, तिचा अहवाल २०२३ साली निघाला. पारख करण्याचे नियम त्या शाळांच्या दप्तरी होते; पण त्या दिवशी पारख अशी कोणी केलीच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कपाटातले नियम आणि माणसांच्या अंगी मुरलेले शिक्षण यांतले अंतर त्या एका बैठकीइतके होते. आईबापांवर खटले चालले आणि २०२४ साली दोघांस १० ते १५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. शाळेतील गोळीबाराबद्दल हल्लेखोराच्या पालकांस अशी शिक्षा तेथे पूर्वी झालेली नव्हती.

या प्रकरणात माहिती एका खोलीत तरी आली होती. पुष्कळदा ती तेवढीही येत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत एक भारतीय प्राध्यापक आणि मुंबईहून शिकावयास गेलेली एक मुलगी होती. हल्लेखोर विद्यार्थ्याच्या लेखनाने प्राध्यापक धास्तावले होते, मुलींच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या होत्या, न्यायदंडाधिकाऱ्याने त्यास उपचार घेण्यास सांगितले होते. प्रत्येकाच्या हाती एकेक अवयव. अंध-गज न्यायाचे याहून भेसूर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. विद्यार्थ्याची माहिती दुसऱ्यास दिली तर कायदा मोडेल, अशा समजुतीने जो तो गप्प होता. वस्तुतः विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा जिवावरच्या संकटात माहिती देण्यास आडकाठी करीत नाही. हे स्पष्ट करण्यासाठी २००८ साली नियमांची भाषा सुधारावी लागली. आता शिक्षणवर्गात हा भाग आवर्जून शिकवितात. तरीही गळती होतेच. २०१८ च्या जानेवारीत फ्लोरिडातील एका तरुणाविषयी एफ.बी.आय.कडे स्पष्ट सूचना आली; ती स्थानिक कचेरीकडे गेलीच नाही, आणि १४ फेब्रुवारीस पार्कलंडच्या शाळेत त्याने १७ बळी घेतले. जॉर्जिया राज्यात २०२३ साली एका १३ वर्षांच्या मुलाची ऑनलाइन धमकीवरून पोलिसांनी घरी जाऊन विचारपूस केली, पुरावा पुरेसा नाही म्हणून प्रकरण मिटले. सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या परगण्यातील अपलाची हायस्कुलात तोच मुलगा बंदूक घेऊन गेला आणि चौघे मेले. पुरावा नाही म्हणून पोलिसांची फाइल मिटते हे कायद्यास धरूनच आहे. परंतु पारख करणाऱ्याची फाइल तेवढ्यावर मिटता कामा नये, तिला मुलाच्या मागोमाग नव्या शाळेत जाता आले पाहिजे. हे अजून कोणास पुरते साधलेले नाही.

टेक्सासमधील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. १९ मुले व दोन शिक्षिका गेल्या, वेगवेगळ्या खात्यांचे ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरावयास ७७ मिनिटे लागली. त्याच्या सुमारे दोन महिने आधीच त्या शाळांच्या पोलिसांनी अशाच प्रसंगाचा शिक्षणवर्ग घेतला होता. यावर अधिक बोलवत नाही.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्या ज्ञातीतील माणसे सालस, शाळेवर व शिक्षकावर श्रद्धा ठेवणारी; पण शाळेतून मुलाविषयी बोलावणे आले की आपल्याकडे पहिला विचार येतो तो अब्रूचा. चार लोकांत कळले तर? मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, व्हिसाचे काम अडकले आहे, शेजारी आपल्याच गावचे आहेत. मग बाप एकटाच जातो, "आमच्याकडे सारे ठीक आहे" असे सांगतो, घरी येऊन मुलास दोन चपराका देतो, आणि आजीस यातले काही कळू देत नाही. तेथील समिती जे विचारते ते आरोप म्हणून विचारीत नाही. मुलगा रात्री झोपतो काय, जेवतो काय, त्यास कोणी छळते काय, घरात शस्त्र आहे काय, हे प्रश्न डॉक्टरने नाडी पाहावी तसे आहेत. त्यांची उत्तरे खरी द्यावीत. इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर दुभाषा मागावा. पालकांस समजेल अशा भाषेत कळविणे हे तेथील शाळांवर बंधन आहे, ती मेहेरबानी नव्हे. घरातले बोलणे आणि शाळेतले बोलणे यांतला फरक मुलास आधीच समजावून द्यावा. आणि पोलीस मुलाची चौकशी करू लागला तर आपण हजर राहण्याचा आग्रह धरावा, वकिलाचा सल्ला घ्यावा. सहकार्य करणे म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे.

येथल्या शाळांपुढील प्रश्न थोडा निराळा आहे. १ मे २०२४ रोजी दिल्ली व आसपासच्या शंभराहून अधिक शाळांस एकाच सकाळी बॉम्बच्या धमकीचे ई-मेल आले. शाळा रिकाम्या केल्या, बॉम्बशोधक व नाशक पथके वर्गावर्गातून हिंडली, आईबाप फाटकाशी रडत उभे राहिले, आणि काही सापडले नाही. निनावी पत्र पाठविणाऱ्यास पाच प्रश्न विचारता येत नाहीत. तेथे इमारत तपासणे प्राप्तच असते. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीतील रोहिणी भागातील दोन शाळांस आलेल्या धमक्यांचा माग पोलिसांनी काढला तेव्हा ते ई-मेल त्याच शाळांतील मुलांनी परीक्षा पुढे ढकलण्यासाठी पाठविलेले निघाले. पोलिसांनी मुलांस समजावून व पालकांस ताकीद देऊन सोडले. आम्हांस हे योग्य वाटले. परीक्षेची इतकी धास्ती त्या मुलांस का वाटावी याचा विचार मात्र कोणी केला की नाही ते वर्तमानपत्रात आले नाही; पारख करणाऱ्या समितीने तेथूनच सुरुवात केली असती.

आत्ताच एका भगिनीची चिठ्ठी आली आहे. त्या विचारतात, 'आमच्या नातवाने मित्राविषयी असे काही ऐकले आणि शाळेत सांगितले, तर ती चहाडी नाही का? मित्र त्यास वाळीत टाकतील.' प्रश्न फार चांगला आहे, आणि तेथील मुलांच्याही मनात तोच असतो. मित्रास शिक्षा व्हावी म्हणून सांगतात ती चहाडी. कोणाचा जीव वाचावा म्हणून, त्या मित्राचाही, सांगणे निराळे. सीक्रेट सर्व्हिसने २०२१ साली आणखी एक अहवाल काढला. २००६ ते २०१८ या काळात शाळांवरील जे ६७ बेत वेळीच उधळले गेले त्यांचा तो अभ्यास आहे, आणि त्यांतील बहुतेक बेत कळले ते मुलांनी येऊन सांगितल्यामुळे. वाळीत पडण्याच्या भीतीवरही तेथे तोड काढलेली आहे. कोलंबाइन ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत २००४ पासून एक व्यवस्था चालू आहे. मुलाने कोणत्याही वेळी खबर द्यावी. त्याचे नाव कोणी विचारीत नाही, आणि ती खबर शाळेकडे व पोलिसांकडे पोचते. आता इतरही अनेक राज्यांत तशी सोय झाली आहे. आपल्या नातवाच्या शाळेचा असा क्रमांक कोणता आहे, ते त्याच्या आईबापांस आज रात्रीच्या फोनवर विचारून घ्यावे.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि बक्षीससमारंभासाठी मुले ताटकळत बसली आहेत.